नॉर्वेला इचारलं

समोरच्याचं बोलणं संपलं की हवालदार काठीचं टोक त्याच्या चपलेपाशी टेकवायचे आणि म्हणायचे, “इचारलं का?” तुमच्या हातात कलेक्टरचा हुकूम असो नाहीतर मुलीच्या लग्नाची पत्रिका, आधी याचं उत्तर द्यावं लागे.

शिराळ्याकडच्या एका वाडीवर मी तेव्हा मास्तर होतो. शाळेचं वर्तमानपत्र एस.टी.तून दोन दिवस शिळं होऊन यायचं आणि माझ्याआधी हवालदार ते वाचायचे. इंग्रजांच्या फौजेतून ते इटलीत लढले होते, घोट्यात गोळी घेऊन परतले होते. त्यामुळे युरोपच्या बातम्या त्यांना भावकीतल्या वाटत.

“आमाला लढाईत नेलं, तवा इचारलं का?” ते म्हणायचे.

युरोपातल्या सहा देशांचा एक सामायिक बाजार होता. त्यात आणखी चार देश जायला निघाले. नॉर्वेने बायाबापड्यांसकट सगळ्यांचं मत घेतलं. लोक नको म्हणाले, तसा तो देश बाहेरच राहिला. त्या दिवशी हवालदारांनी भर वर्गात पोरांना गूळ वाटला. चाचणी चालू होती, मी वैतागलो. इंग्लंड मात्र लोकांचं मत न घेताच आत गेलं. “सायबाची खोड जाईना,” म्हणत त्यांनी शाळेच्या नकाशावर इंग्लंडवर खडूने फुली मारली. ती मलाच पुसावी लागली.

पुढच्याच वर्षी ही वेळ वाडीवर आली. हवालदारांनी दारोदार फिरून उभी केलेली वाडीची दूध संस्था ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावच्या संस्थेत घालायचं ठरलं. तिथले चेअरमन ठराव लिहूनच घेऊन आले. सह्या तेवढ्या हव्या होत्या. हवालदार संस्थेच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसले.

“इचारलं का?”

“समदे सभासद राजी हायत की, हवालदार.”

“सभासद समदे गडी. म्हशी कोण पिळतं? नॉर्वेत बायकास्नी इचारलं. हितंबी इचारा. न्हाईतर मला उचलून बाजूला टाका.”

“मास्तर, हे नॉर्वे कुठल्या तालुक्यात आलं?” चेअरमननी मला हळूच विचारलं.

दोन दिवस हवालदार हलले नाहीत. शेवटी चेअरमननी बायकांना बोलावलं आणि एक व्हायचं असेल तर हात वर करा म्हणाले. पहिला हात हवालदारांच्या मंडळींचा, काकूंचा, वर गेला.

“तिकडं गाडी येळंवर येती,” काकू शांतपणे म्हणाल्या. “हितं निम्मं दूध नासतंय. तुमी तरी मला कवा इचारलं?”

विरोधात एकच हात होता. तो हवालदारांनी सभा संपेपर्यंत खाली घेतला नाही. मग उठून ठरावावर सही केली. दुसऱ्या दिवसापासून किटली घेऊन लंगडत ओढा ओलांडू लागले. मला त्यांचा लय अभिमान वाटला, हे सांगायला कशाला लाजू?

दोनेक वर्षांनी इंग्लंडनेही लोकांचं मत घेतलं. लोक म्हणाले, आतच राहू. हवालदारांनी ती बातमी काकूंना वाचून दाखवली. “सायबालाबी माझ्यागत उशिरा सुचलं,” म्हणाले.

त्या थंडीत हवालदार गेले. तेरावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो, तर पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने आईची ट्रंक दारात आणून ठेवलेली. म्हशीचं गिऱ्हाईकही आलेलं. आई आता पुण्यालाच राहणार, असं तो मला सांगत होता.

काकू बाहेर आल्या. कोपऱ्यातली काठी घेतली आणि तिचं टोक मुलाच्या बुटापाशी टेकवलं.

“इचारलं का?”

मुलगा माझ्याकडे पाहू लागला. मी ट्रंक उचलली आणि आत नेऊन ठेवली.