पिलेथची स्वारी

नेस्टा प्रॉबर्टने तेहतीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी हाकली. वेल्समधल्या रेयडर गावापासून वरच्या खोऱ्यातल्या शेतघरांपर्यंत तिने बर्फात घेतलं नाही असं एकही वळण उरलं नव्हतं. नवरा ईव्हर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोघांना नाद एकच. दर उन्हाळ्यात मोटरसायकलच्या साइडकारमध्ये तंबू कोंबायचा आणि एखादं जुनं रणांगण गाठायचं. कलोडन झालं, फ्लॉडन झालं, बॉसवर्थ तर दोनदा झालं. आखणी ईव्हरची, गाडी आळीपाळीने, आणि स्वयंपाक ज्याला आधी भूक लागेल त्याचा. मैदानावर पोचलं की ईव्हर हातवारे करत अख्खी लढाई उभी करायचा आणि नेस्टा गवतात आडवी होऊन डोळे मिटून ऐकायची.

एक मोठी सफर तेवढी राहिली होती. समुद्र ओलांडून आझँकूर, मग सोम, मग वॉटर्लू. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणता म्हणता ईव्हर एकाहत्तरचा झाला आणि त्याची स्मरणशक्ती विरायला लागली. गाडीचा परवाना परत पाठवावा लागला. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की तो टेबलावर फ्रान्सचा नकाशा पसरायचा आणि सफर नव्याने आखायला घ्यायचा.

"नेस्टा, ऐक. या उन्हाळ्यात जाऊन येऊ. बोट कुठून पकडायची?"

"डोव्हरहून."

"शाब्बास! माझ्या मनातलं बोललीस."

मग पेन्सिलीने त्याच रेघेवर पुन्हा रेघ. कॅलेच्या खाली कागद फाटला होता, तिथे नेस्टाने चिकटपट्टी लावली होती. सुरुवातीला ती मोरीत नळ सोडून रडायची. पुढे रडू थांबलं, मग चिडचिडही थांबली. आता ती "डोव्हरहून" म्हणता म्हणता बटाटे सोलायची आणि किती सोलले ते तिच्या ध्यानात राहायचं नाही. शेजारीण गेली तेव्हा दफनाला ती उभी होती, पण मनात काही हललं नाही. आपण दगड झालो की काय, असं तिला वाटलं, आणि त्याचंही फारसं काही वाटलं नाही.

मे महिन्यात मुलीचा, लोरीचा, कार्डिफहून फोन आला. "आई, तो नकाशा लपवून ठेव. डोळ्यांआड गेला की विसरेल. आणि बाबांना दिवसा सांभाळणाऱ्या त्या डे सेंटरच्या कागदावर सही कर एकदाची. तू स्वतःला आरशात बघितलंयस का?"

नेस्टाने नकाशा पलंगाच्या गादीखाली सरकवला.

दुसऱ्या दिवशी ईव्हरने सगळे खण उपसले. कोटांचे खिसे उलटे केले, कोळशाच्या बादलीत हात घातला. काय शोधतोयस विचारलं तर त्याला सांगता येईना. काहीतरी हरवलंय, एवढंच त्याला कळत होतं. दुपारी तो जिन्याच्या पायरीवर काळे हात मांडीवर ठेवून बसून राहिला. नेस्टाने गादीखालून नकाशा काढून त्याच्या हातात दिला आणि तिथूनच पिलेथला फोन लावला. रेयडरपासून पिलेथ पंचवीसेक मैल, आणि तिथेही एक जुनं रणांगण होतं. तिथल्या एल्विन बफ्टन नावाच्या मेंढपाळाला ती वाचनालयाच्या दिवसांपासून ओळखत होती.

"एल्विन, तुझ्या कुरणात एका रात्रीपुरता तंबू टाकू का?"

"टाक की! पण मेंढ्या घोरतात, आधीच सांगून ठेवतो."

आयुष्यात पहिल्यांदा आखणी नेस्टाच्या वाट्याला आली. तंबू, स्टोव्ह, ईव्हरच्या गोळ्या, त्याच्या लोकरी विजारीची जास्तीची जोडी. चाकांची हवा तिने स्वतः पाहिली. लोरीला कळलं तेव्हा ती फोनवर ओरडलीच. "वेड लागलंय का तुला?"

"असेल," नेस्टा म्हणाली. "शनिवारी निघतोय."

शनिवारी ईव्हर साइडकारमध्ये फ्रान्सचा नकाशा मांडीवर घेऊन बसला. पेनिबॉन्टजवळ त्याने ओरडून विचारलं, "डोव्हर गेलं का?"

"गेलं मागेच!"

कुरणात मात्र नवल घडलं. तंबूची पिशवी हातात येताच ईव्हरचे हात आपोआप चालायला लागले. दांड्या जुळल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या. नेस्टा खुंटी ठोकायला लागली तर त्याने हातोडा हिसकावून घेतला. "अगं बाई, सरळ काय ठोकतेस? तिरकी! वारा आला की तंबू उडेल आणि आपण बघत बसू." पूर्वी हे ऐकून ती हसली असती. आता ती नुसती बाजूला झाली.

रविवारी सकाळी तिघं टेकडीवर चढले. एल्विन कुत्र्याला घेऊन बरोबर आला होता. वरच्या चार उंच झाडांपाशी ईव्हर थांबला, खाली चर्चकडे पाहिलं आणि बोलायला लागला. चौदाशे दोन, जून महिना. इथे वर आपला, वेल्सचा बंडखोर ग्लिनडूर, खालून इंग्रजांचा मॉर्टिमर दमत चढतोय. मॉर्टिमरच्या फौजेत वेल्सचे तिरंदाज. आणि ऐन वेळी त्या तिरंदाजांनी धनुष्यं आपल्याच धन्याकडे फिरवली. एक नाव चुकलं नाही, एक साल अडखळलं नाही.

"तीस वर्षं इथे मेंढ्या चारतोय," एल्विन म्हणाला, "असं कुणी सांगितलं नव्हतं बुवा." आणि कुत्र्याच्या मागे तो खाली उतरला.

नेस्टाने उकडलेली अंडी काढली. ईव्हर तिच्याशेजारी जरा अंतर राखून बसला, परक्या बाईशेजारी बसावं तसा.

"तुम्ही गाडी फार छान चालवता हो," तो अदबीने म्हणाला. "माझी बायकोही चालवते. तिला इथे आवडलं असतं."

नेस्टाच्या हातात अर्धं सोललेलं अंडं होतं. तिने ते पूर्ण सोललं, मीठ लावलं आणि त्याला दिलं.

"मग आणा की तिला एकदा."

"आणणार ना. सगळं आखूनच ठेवलंय."

आता रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. ते आलं नाही. खालून मेंढ्यांचा आवाज येत होता. ईव्हरने अंडं खाल्लं, बोटं रुमालाला पुसली आणि उन्हात तिच्या खांद्याला टेकून झोपला. ती दोनेक तास तशीच बसून राहिली. खांदा आखडला, पण तिने हलवला नाही.

घरी आल्यावर तिने डे सेंटरच्या कागदावर सही केली. दर मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते चार. पहिल्या मंगळवारी ईव्हरला सोडून ती रिकामी साइडकार घेऊन धरणाच्या रस्त्याने निघाली आणि पाण्याकाठी थांबली. अकरा वाजता सेंटरमधल्या बाईंचा फोन आला.

"काळजी करू नका. तुमचे मिस्टर इथे सगळ्यांना कुठलीशी लढाई सांगतायत. खुर्च्यासुद्धा हलवल्यात. फक्त बोट कुठून पकडायची ते विचारतायत. काय सांगू त्यांना?"

"डोव्हर सांगा," नेस्टा म्हणाली, "चार वाजता येते मी." मग कोट गुंडाळून उशाला घेतला, गवतात आडवी झाली, आणि तीन वाजेपर्यंत झोपली.