समोरच्या दिव्यांचा रंग

गणपतीच्या आधीचा रविवार, दिल्लीत सरोजिनी नगरजवळचा हॉल. हजर: आमच्या मंडळाच्या नाटकाचे दिग्दर्शक, सचिव असलेल्या वहिनी, प्रकाशयोजनेची जबाबदारी असलेली मी, आणि नायिकेचं काम करणारी माझी मुलगी.

काम एकच होतं, दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिन कागद ठरवणं. पद्धत सोपी आहे. नट खुर्चीत बसतो, मी दिव्यापुढे एकेक कागद धरते, बाकीचे पाचव्या रांगेतून चेहरा बघतात. माझा आवडता हलका अंबर, पातळ चहाच्या रंगाचा. सावळ्या चेहऱ्यावर तो पडला की गाल, डोळे, कपाळ सगळं जागं होतं. लेक माझ्यावर गेली आहे, म्हणून तो कागद मी घरूनच मापात कापून आणला होता.

"छान आहे," दिग्दर्शक म्हणाले. "पण थोडी काळोखी येतेय."

"काळोखी नाही हो, तिचा रंगच तो आहे."

"अगं, चिडतेस काय?" वहिनी म्हणाल्या. "नायिका आहे ती, जरा उजळ नको दिसायला? तो फिकट निळा लाव बघू."

फिकट निळ्यात सावळा चेहरा उजळत नाही, राख फासल्यासारखा दिसतो. हे मी दोनदा सांगितलं.

"अच्छा, मग गाझियाबादच्या त्या मुलीला नायिका करू या," वहिनी हसत म्हणाल्या. "तिला कुठलाही कागद चालतो."

चेष्टा होती म्हणे. मी उत्तर देणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"आई, निळा लाव ना यार. मला बिल्कुल चालेल."

ती माझ्याकडे बघत नव्हती, दिव्याकडे बघत होती. मी निळा लावला.

गणपतीतल्या प्रयोगानंतर विंगेत गर्दी झाली. "ओळखूच आली नाही ही!" लोक कौतुकानं म्हणत होते. वहिनींनी माझ्या पाठीवर थाप मारली, "बघ, सांगत नव्हते?"

परतताना मेट्रोत लेक फोटो बघत बसली. चेहऱ्याला दोन छटा उजळ मेकअप होता, हातांना नव्हता. फोटोत हात माझ्यासारखे आहेत, चेहरा कुणाचा ते सांगता येत नाही. एक फोटो तिने निवडला, हात दिसणार नाहीत असा कापला आणि डीपीला लावला.

जानेवारीत पानिपतला पुन्हा प्रयोग आहे. दिव्यांची यादी दिग्दर्शकांना द्यायची आहे. मागचे आणि बाजूचे रंग लिहून झाले, समोरचे दोन रकाने रिकामे आहेत. घरी, कुणी नसताना, तिच्या हातात आरसा देऊन अंबरमधला तिचा चेहरा तिलाच दाखवायचा आहे. टेबललॅम्प पुरेल. कागद कापलेलाच आहे. दर रविवारी ठरवते, अजून तिला खुर्चीत बस म्हटलेलं नाही.