रिसेप्शनची राखीव खुर्ची

हॉस्पिटलात नोकरी धरा, किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच तुमच्या मागे घरापर्यंत येतात! वडील रेल्वेत म्हणून आम्ही झाशीत, आणि मी इलाइट चौराह्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात एचआर. आई रोज बजावते, "आधी पाय धू, मग आत ये." धुते हो! तरी काही आत येतंच.

*

तळघरातली मॉर्चरी मुन्नालालजींची. मृतांशी ते गप्पा मारतात. गरौठ्याच्या एका म्हाताऱ्या बाबूजींना न्यायला गाडी आली, ती काही केल्या सुरू होईना. मुन्नालालजी आत वाकून हळूच म्हणाले, "बाऊजी, छोटी बिटिया आ गई. अब चलिए."

धाकटी मुलगी खरंच तेव्हाच गेटपाशी उतरत होती. पुढच्याच चावीला गाडी सुरू! ड्रायव्हर मला म्हणतो, "मैडम, मैकेनिक इन्हीं को रख लो!"

*

मग हॉस्पिटलचे मालक, आमचे डॉक्टरसाहेब, यांनी बॉम्ब टाकला. रिसेप्शनची एक जागा सफाई आणि मॉर्चरीवाल्यांच्या मुलांसाठी राखीव. सरकारने सांगितलं नव्हतं, स्वतःहून!

अकाउंट्सचे मिश्राजी उसळले, "प्राइवेट में आरक्षण? ये लीगल है क्या?" त्यांना तिथे आपला भतीजा, म्हणजे पुतण्या, चिकटवायचा होता, हे सगळ्यांना ठाऊक.

माझंही डोकं फिरलं. मॉर्चरीत आजवर एकाच जातीच्या वस्तीतली माणसं घेतली, ते कुठल्या कायद्याने, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. मिश्राजी म्हणाले, "वकील बुलाइए!"

*

वकीलसाहेबांना बोलावलं. ते म्हणाले, सरकारी भरतीचे नियम सरकारला. खासगी मालकाने मागे राहिलेल्यांसाठी आपणहून जागा ठेवली, तर अडवणारा कायदा मला तरी दिसत नाही. फक्त धोरण लेखी करा.

"किसी को आपत्ति?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात समोरची लिफ्ट तळघरातून वर आली. दार उघडलं. आत कोणीच नाही. दार मिटलं, लिफ्ट खाली गेली.

वकीलसाहेबांनी फाइल मिटली. "इनकी भी नोट कर लीजिए!"

*

अर्ज एकच आला, मुन्नालालजींच्या रेखाचा. बी.कॉम., बोलायला चुणचुणीत. मी विचारलं, हॉस्पिटलची भीती नाही ना वाटत?

"डर कैसा, दीदी? गर्मियों में होमवर्क वहीं करती थी, पापा के पास. वहाँ किसी ने कभी उठाया नहीं मुझे."

*

मिश्राजी कोर्टाच्या धमक्या देतच होते. शेवटी डॉक्टरसाहेबांनी तोडगा काढला. रेखा आणि भतीजा, दोघांनी एक सकाळ काउंटरवर बसायचं. रेखाला जमलं नाही, तर जागा सगळ्यांना खुली.

मला रेखाचीच जास्त काळजी. त्यात मुन्नालालजी गुरसरायला लग्नाला गेलेले. मॉर्चरी रिकामी, कुलूपबंद, चावी माझ्या पर्समध्ये.

भर गर्दीत इंटरकॉम वाजला. स्क्रीनवर नाव आलं, मॉर्चरी.

भतीज्याने पुढे केलेला हात मागे घेतला, पाणी पिऊन येतो म्हणाला आणि गेला तो थेट घरी! वाजणं थांबेना.

रेखाने रिसीव्हर उचलला. "जी, रिसेप्शन." ऐकलं. दोनदा हळू आवाजात उत्तर दिलं. मग फोन ठेवून पुढच्या पेशंटचा कागद घेतला. जागा तिचीच झाली. मिश्राजींनीही पुन्हा कायद्याचं नाव काढलं नाही.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "कौन था?"

"पता नहीं, दीदी. कोई बुज़ुर्ग थे. नाम पूछा, मैंने बता दिया."

"फिर?"

"फिर बोले, पूरा नाम?"