व्याह्याच्या हातात पाय

आम्हा शुगरवाल्यांची नारायणगावात महिन्यातून एकदा बैठक भरते, दवाखान्याच्या ओसरीवर. 'आपला आजार आपणच सांभाळायचा,' हे मॅडमचं, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. सांभाळता सांभाळता इतके किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो. पहिले हसण्यासारखे आहेत. पुढचे तसे नाहीत, आधीच सांगतो.

*

जुन्नरच्या रशीदभाईंचं बांगड्यांचं दुकान. त्यांची शुगर दर बैठकीला एकदम झकास. मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तेव्हा रशीदभाई लाजून म्हणाले, "तुमच्यासाठी दोन दिवस नुसत्या मेथी-भाकरीवर काढतो, मॅडम."

"आणि बाकीचा महिना?"

"बाकीचा महिना तुमी कुठं बघता?"

*

आमचे बबनराव द्राक्षबागायतदार. तोड जवळ आली की त्यांची शुगर चढलीच. "चाखल्याबिगर गोडी कशी कळंल?" हे त्यांचं म्हणणं.

मॅडम म्हणाल्या, "व्यापारी मशीन लावून गोडी मोजतो ना? तुम्हालाही घरी रक्त तपासायचं मशीन दिलंय. ते लावा की."

"मशीन व्यापाऱ्यानं लावायचं असतं, मॅडम. माल कधी सवताला मशीन लावतो व्हय?"

*

शुगरनं पाय बधिर होतात, लागलेलं कळत नाही. म्हणून तळवे रोज बघायचे. बबनरावांना वाकता येईना, तर मॅडमनी त्यांना दांड्याचा आरसा दिला. पुढच्या बैठकीत विचारलं, "आरसा वापरता ना?"

"रोज! दाढी लई झ्याक व्हती."

*

शेवटी मॅडमनी जोड्या लावल्या. बैठकीत एकानं दुसऱ्याचे तळवे बघायचे. बबनरावांच्या वाट्याला आले अवसरीचे ज्ञानोबा, त्यांचेच व्याही. ज्ञानोबांची लेक बबनरावांची सून.

ज्ञानोबा चष्मा लावून खाली बसले. "पावणं, मोजा काढा."

बबनरावांनी पाय मागं ओढला. "लेक दिली तुमी आमाला. आता वर आमचं पाय बी धरायचं? बरं दिसत न्हाई."

मॅडम जोडी बदलायला निघाल्या, तर दोघंही नको म्हणाले. जोडी मोडली तर व्याह्या-व्याह्यांचं फाटलं असं गावाला वाटेल! मग दर बैठकीला ज्ञानोबा मोज्यावरूनच पाय बघायचे आणि "झ्याक हाये" म्हणायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची. आता आठवलं की जीव हळहळतो.

*

बागेतल्या तारेचा तुकडा बबनरावांच्या उजव्या तळव्यात घुसला. त्यांना पत्ताच नाही. त्याच पायानं ते बागेत हिंडले, सोयरिकीला गेले, बैठकीलाही आले. त्या दिवशीही ज्ञानोबा "झ्याक हाये" म्हणाले.

वास सुनेला आला. पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ज्ञानोबांनी बैठकीला येणं सोडलं. लेकीच्या घरीही जाईनात. फोन केला तर म्हणायचे, "कुठल्या तोंडानं जाऊ, भाऊ?"

*

अखेर मी आणि रशीदभाईंनी त्यांना जीपमध्ये घातलं आणि बबनरावांकडे नेलं. ज्ञानोबा दारातच थांबले. आत पाऊल टाकवेना. सून पाणी घेऊन आली, बापाकडे बघून तशीच उभी राहिली.

बबनराव खाटेवर बसले होते. मग त्यांनी पांघरूण बाजूला सारलं, उरलेला डावा पाय खाटेच्या कडेवर ठेवला आणि स्वतःच्या हातानं मोजा काढला.

"या, पावणं," ते म्हणाले. "चष्मा आणलाय ना?"