दाजी हात सोडत नसत

दाजींशी हात मिळवणं म्हणजे दवाखान्यात तपासून घ्यायला बसण्यासारखं होतं. एकदा हात हातात आला की ते सोडतच नसत. डोळे अर्धवट मिटत, वाकड्या अंगठ्याने समोरच्याचा तळवा दाबत आणि मग निकाल देत. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला ते आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी आले, तेव्हा तिला काही विचारायचं सोडून त्यांनी माझाच हात धरला.

"पाव्हणं, लई गार हात हाय तुमचा. भित्रे दिसता."

मी भित्रा होतोच. आजही गॅसचं सिलिंडर बायको बदलते आणि मी तिच्या मागे उभा राहून सूचना देतो. पण दाजी पुढे म्हणाले, "भित्रा माणूस कामाचा." अक्काचं लग्न त्या वाक्यावरच ठरलं, असा माझा समज आहे.

दाजी मूळचे देवगाव रंगारीचे. शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी आणि कारखान्याच्या कबड्डी संघात डावा कोपरा, म्हणजे टोकाला उभं राहून चढाईवाल्याचा घोटा धरणारा खेळाडू. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, आणि एका व्यावसायिक संघाने त्यांना गावोगाव फिरून खेळाडू हेरायच्या कामाला लावलं.

मोसमाआधी ड्राफ्ट होतो. सगळे संघ एका सभागृहात आपापल्या टेबलाशी बसतात आणि आळीपाळीने नव्या पोरांची नावं घेतात. एकाने घेतलेलं नाव दुसऱ्याला मिळत नाही. हे दाजींनी मला आमच्या जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे मांडून शिकवलं. "हे टपोरे दाणे पहिल्या फेरीत जात्यात. चढाईवाले. त्यांना आंधळाबी वळखतो. पण मैदानात सात उतरवायचे असत्यात ना? कोपरा कोण धरणार? त्यो शेवटच्या फेऱ्यांत घावतो, फोलपटाखाली." बोलता बोलता पहिली फेरी त्यांच्या तोंडात जायची. अक्का ओरडायची, "चटणीचे दाणे आहेत ते! आता काय तुमचा कोपरा वाटू?"

कोपरा शोधायची त्यांची रीत म्हणजे तोच हात. सामन्याआधी पोरांशी हात मिळवत जायचं. "गरम हाताचा गडी आधीच उडी घेतो, समोरच्याला गुण देतो. गार हातवाला भितो, म्हणून थांबतो. पार शेवटाला घोटा धरतो." ही गोष्ट पोरांत फुटली. एका सामन्याआधी रांगेतल्या प्रत्येकाचा हात बर्फासारखा! दाजींनी रांगेच्या टोकाला पाहिलं आणि म्हणाले, "येवढे भित्रे एकाच गावात? का रसवंतीवाला जवळ हाय?" सगळ्यांच्या बाह्या ओल्या होत्या.

त्या रांगेत कोरड्या बाहीचा एकच होता. माझा मुलगा, सुमेध. डावा कोपरा. त्याचा हात दाजींनी बराच वेळ धरला आणि निकाल न देताच सोडला. घरी आल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, "चपातीसारखा गरम. पोराला भीतीच नाय. वाईट झालं."

"त्याच्या वाटचं मी भितो की, दाजी. ते नाही का चालत?"

"तुम्हाला कोण खेळवतंय, पाव्हणं?"

त्या वर्षी सुमेधचं नाव ड्राफ्टला गेलं आणि माझी झोप उडाली. कुणी घेतलं नाही तर पोरगं मोडेल, ही एक भीती. घेतलं तर त्याचा गुडघा मोडेल, ही दुसरी. दोन्ही एकत्र येऊ शकत नाहीत, हे कळूनही मी दोन्ही आळीपाळीने भोगत होतो. वर दाजींनी बजावलेलं, "माझ्या तोंडून त्याचं नाव निघणार नाय. घरचं पोरगं घेतलं, तर उद्या माझ्या नजरेवर कोण भरवसा ठेवील?"

ड्राफ्टच्या दिवशी अक्का आमच्याकडेच होती. दाजींच्या छातीत नुकतीच एकदा कळ येऊन गेली होती. डॉक्टर नको म्हणत असताना ते गेले होते. टीव्हीवर संघाच्या टेबलाच्या टोकाला ते दिसत होते, उसन्या आणलेल्या कोटात. पहिली फेरी गेली. दुसरी गेली. सुमेध रिमोट हातात घट्ट धरून बसला होता. बायको देवापाशी जाऊन परत आली, पुन्हा गेली. शेवटच्या फेरीत दाजींच्या संघाची पाळी आली, कॅमेरा त्या टेबलाकडे वळला, आणि दाजींची खुर्ची रिकामी!

"यांना काय झालं?" अक्का किंचाळली. "अरे, फोन लाव कुणीतरी!"

मी फोन लावत होतो. तेवढ्यात टीव्हीवर त्याच टेबलावरच्या कुणीतरी सुमेधचं नाव उच्चारलं आणि आमच्यापैकी कुणालाही आनंद झाला नाही. घंटी वाजत राहिली. मग एकदम फोन उचलला गेला.

"पाव्हणं," दाजी कुजबुजले, "घेतलं का पोराला?"

"घेतलं! पण तुम्ही कुठं आहात?"

"संडासात. कडी लावून बसलोय. त्याच्या नावाची बोलणी माझ्यासमोर नको, म्हणून उठून आलो." मग म्हणाले, "माझेच हात बर्फ झालेत, पाव्हणं. पोराचा बघा बरं."

मी सुमेधच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि त्याचा तळवा दाबला.

"गार आहे, दाजी. एकदम गार."

पलीकडून लांब सुस्कारा आला. "मग झालं. आता येतंय सातांत."

मोसम सुरू व्हायच्या आतच दाजी गेले. सगळ्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मी मात्र त्यांचा हात हातात घेऊन बसलो. आजवर धरायचे ते आणि सोडायचेही तेच. मला सोडायचा कसा ते कळेना. शेवटी अक्कानेच माझी बोटं एकेक करून उकलली.

पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी सुमेधचा फोन आला. आवाज इतका बारीक, की मला आधी ओळखू आला नाही.

"पप्पा, पहिल्या सातांत आहे. हात बर्फ झालेत. काय करू?"

"मग झालं," मी म्हणालो.

फोन ठेवला, टीव्ही लावला आणि बायकोच्या मागे जाऊन उभा राहिलो.