लिंबूपाण्यातली साखर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलींना नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही नाही — तिथे तर मी मोठ्या चलाखीने दुसऱ्याच गोष्टी बोलत राहते. तुम्हाला सांगते, कारण तुमची-माझी ओळख नाही. जरा ऐसपैस बसा. मी सरळ मुद्द्यावर येणाऱ्यातली नाही.

आधी त्या बाईला बघा. ऐंशीनंतरची पहिली वर्षं. वाशीतले नवे कोरे रस्ते — माणसं कमी, वारा जास्त. तो वारा खाडीवरून यायचा, कधी मिठागरांचा खारेपणा घेऊन, कधी बेलापूर रोडवरच्या कारखान्यांचा वास घेऊन. दुपारी सगळं धूसर दिसायचं, पाण्यात बुडवून वाळत घातल्यासारखं. आणि तिथे, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, एक सडपातळ बाई उभी आहे. मान किंचित तिरकी. खालून कुणी बघतंय ना, याची खात्री करत्येय. ती मी. हसा खुशाल, मीही हसते तिला.

त्याआधी दोनच वर्षं मी कशी होते माहीत आहे? जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात थांबून विचारपूस करायचे. लोकांना वाटायचं, काय माणसांत मिसळणारी बाई आहे! मला धाप लागलेली असायची, दुसरं काही नाही.

मग ह्यांचा मावसभाऊ परदेशात शिकून आला. सर्जन. त्याने मुंबईच्या एका हॉस्पिटलात माझं पोट उघडलं. स्टेपलरने कागद टाचतात ना, तशी जठराला ओळ मारली आणि खाण्यासाठी वर एवढीशी पिशवी ठेवली, आंब्याच्या कोयीएवढी. घरी सोडताना म्हणाला, "वहिनी, आता चार घासांत पोट भरणार. आणि दादाच्या बाटलीला हात लावायचा नाही हं! तुमच्याकडे आता दारू पोटात थांबायचीच नाही, थेट डोक्यात जाईल." सगळे हसले. मीही हसले. पण कान टवकारले होते, ते कुणाला दिसले नाहीत.

बिल्डिंगमध्ये मात्र सांगितलं — माहेरी गेले होते, गुहागरकडे. देवीचा उपास केला. लिंबूपाण्यावर. का सांगितलं असं? पोट कापून बारीक झाली, असं कोण म्हणवून घेणार? शिवाय, खरं सांगू, माझ्या त्या इवल्याशा पिशवीत पुरणपोळी मावत नव्हती, बासुंदी मावत नव्हती. कौतुक मात्र हवं तेवढं मावायचं. "काय बाई हिचा निग्रह!" — घाल अजून थोडं!

आणि ब्रँडी. घरात असायची, सर्दी-पडशाला, औषध म्हणून. पापडाच्या डब्यामागे. हे कारखान्यात, मुली शाळेत, आणि मी कोमट पाण्यात एक चमचा ओतायचे. एकच चमचा, पण भाऊजी खोटं बोलले नव्हते. कपबशी खाली ठेवेपर्यंत भिंती पातळ व्हायच्या. खाडी हळूच स्वयंपाकघरात यायची, ओट्याखालून, गॅसच्या टाकीला वळसा घालून. मिठागरांतला पांढरा उजेड छतावर हलायचा. मी वजनाशिवायची व्हायचे, धुतलेल्या ओढणीसारखी, आणि तरंगत तरंगत लहानपणच्या समुद्रापर्यंत जाऊन यायचे. मग बडीशेप चावायची आणि मुलींना दार उघडायचं.

ही माझी चूक, असं वाटलं तुम्हाला? छे. इतक्या लवकर नाही.

आमच्या सेक्टरला तेव्हा देऊळ नव्हतं. कोकणातल्या, देशावरच्या, कुठकुठल्या बायका — सगळ्यांच्या देवी गावाकडे राहिलेल्या. म्हणून त्या वर्षी नवरात्रातल्या अष्टमीला तळमजल्यावरच्या जोगळेकरांनी महालक्ष्मी मांडली, तेव्हा अख्खी बिल्डिंग लोटली. आमच्याकडे त्या संध्याकाळी बायका देवीपुढे घागर धरून तिच्या तोंडात फुंकतात, फुंकता फुंकता घुमतात. एखादीच्या अंगात देवी येते, मग बाकीच्या तिला प्रश्न विचारतात. मला म्हणाल्या, आधी तू. तू तर देवीची लाडकी!

देवीची लाडकी घरून दोन चमचे घेऊन आली होती.

घागर फुंकली. घागरीतून तो घुमका आवाज यायला लागला, समोर देवीचा तांदळाच्या उकडीचा तो पांढरा मुखवटा, समयांच्या ज्योती लांब लांब होत चाललेल्या — आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. मी झोकांडले. कुणीतरी ओरडलं, "आली! आली!" कपाळावर कुंकवाचा मळवट भरला गेला. मला आतून हसू फुटत होतं. मला पक्कं कळत होतं की देवी नाही, ब्रँडी आहे. हे नीट ऐका. मला कळत होतं.

तेवढ्यात शिर्केवहिनींनी आपल्या पोरीला पुढे ढकललं. शिर्केवहिनी दुसऱ्या मजल्यावरच्या, साताऱ्याकडच्या, दांडग्या मनाच्या. पोरीला सगळे बेबी म्हणायचे. कॉलेजात जाणारी, गोल गोबरी, हसली की डोळे मिटायचे. नुकताच एका मुलाकडच्यांनी तिला वजनावरून नकार दिला होता. "आई," शिर्केवहिनी मला म्हणाल्या — मला, आई! — "माज्या पोरीचं लगीन कवा जमंल? हिचं अंग कसं उतरंल, तेवढं सांग."

आणि देवीने घोगऱ्या आवाजात सांगितलं — दिवाळीपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. लिंबूपाण्यावर राहायचं. गोड वर्ज्य.

दुसरं काय सांगणार? माझी थाप मला तोंडपाठ होती.

दुसऱ्या दिवशी उतरल्यावर आठवलं. वाटलं, करेल दोन दिवस आणि सोडेल. पण बेबीने सोडलं नाही. पोरगी माझ्यासारखी नव्हती ना, तिच्याकडे खरोखरचा निग्रह होता. जिन्यात भेटायची, दर वेळी थोडी कमी होऊन. आनंदात असायची. "काकू, पंजाबी ड्रेस सैल झाला!" मग एकदा कठड्याला धरून उभी राहिली, ओठ पांढरे, आणि विचारलं, "काकू, तुम्हाला पण चक्कर यायची का हो?"

तिथे, त्या पायरीवर, मला सांगता आलं असतं. पदर बाजूला करून पोटावरची टाक्यांची खूण दाखवली असती तर एक शब्दही बोलावा लागला नसता. मी म्हणाले, "यायची. सरते मग."

वसुबारसेच्या सकाळी ती त्याच जिन्यावरून पडली. डोकं आपटलं. कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हती. बिल्डिंगमध्ये त्या वर्षी कुणी आकाशकंदील लावला नाही. मी गॅलरीत उभी राहून खाडीकडे बघत असायचे. खाडीवर धुकं, आणि त्या धुक्यात वाटायचं की हे दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय, पलीकडच्या काठावर.

ती वाचली. पण तेव्हापासून तिला फिट्स यायला लागल्या. लग्नाचं नाव घरात निघेनासं झालं.

हां. आता येते मी मुद्द्यावर.

ती घरी आल्यावर एका दुपारी शिर्केवहिनी वर आल्या. माझ्या स्वयंपाकघरात खाली बसल्या, ओट्याला पाठ लावून. एवढी दांडगी बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. म्हणाल्या, "वैनी, तुमाला विचारते. तुमच्या अंगात आली हुती, तुमालाच ठावं आसंल. पोर डोळ्यांम्होरं वाळत हुती वो. मला बघवंना. तिच्या लिंबूपान्यात मी चोरून साखर घालत हुते. तिला ठावं न्हाई. गोड वर्ज्य सांगितलं हुतं, तरी घालत हुते. म्हनून कोपली का देवी? माज्यामुळं झालं का ह्ये?"

त्या दिवशी मी चमचाभरसुद्धा घेतलेली नव्हती. भिंती जागच्या जागी होत्या. खाडी बाहेर होती, तिच्या जागी. समोर एक आई बसली होती, जिच्या चोरट्या साखरेवर तिची पोर तेवढे दिवस तरी तगली होती. आणि ती उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "साखर घालायला नको होती, वहिनी."

एवढंच. मग चहा टाकला.

त्यांनी तो चहा बिनसाखरेचा मागितला. त्यानंतर जन्मभर त्यांनी गोड खाल्लं नाही. माझ्या मुलींच्या लग्नांत जिलबी वाढायला मी स्वतः गेले की त्या ताटावर हात आडवा धरायच्या, आणि शेजारच्या बायकांना कौतुकाने सांगायच्या, "ह्या वैनींमुळं कळलं मला माजं पाप." मी जिलब्यांचं ताट घेऊन पुढच्या पंगतीला जायचे. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या तोंडात गंगाजळ मीच घातलं. तेव्हाही वेळ होती, कान शाबूत होते त्यांचे. नाही बोलले.

ब्रँडी? ती मी नंतरही बरीच वर्षं घेत होते. सुटली ती वयामुळे. पश्चात्तापामुळे सुटली असं सांगितलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही.

बेबी कामोठ्याला भावाकडे असते. केस पांढरे झालेत, गोळ्यांनी हात थोडे थरथरतात. हसली की डोळे अजून मिटतात. नवरात्रात अष्टमीला भाच्याला घेऊन येते, माझी ओटी भरते, आणि कमरेला हात लावत सावकाश माझ्या पाया पडायला वाकते.

मी पाय मागे घेत नाही.