गार ग्लास

युरियाची गोणी रिक्षातून उतरली तेव्हा बायको अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होती.

"आते कुंडीस्मा ऊस लावतस का तुम्ही?" तिनं विचारलं.

आमची शेती म्हणजे एक तुळस आणि एक कोरफड. खताच्या दुकानातल्या आधारच्या यंत्रावर माझा झिजलेला अंगठा उमटेना, म्हणून दुकानदारानं एकेक करत सगळी बोटं लावून पाहिली आणि वर विचारलं, "सर, कितला एकर शे?" तेव्हापासून मला हसू आवरत नव्हतं. मला हवा होता ग्लासभर द्रावणापुरता युरिया. सुटा द्यायला तो तयार नव्हता.

कारण असं होतं. मी शहाद्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. नवाच होतो, म्हणून फार कडक होतो. कळसाडीची एक विद्यार्थिनी प्रदर्शनासाठी प्रयोग घेऊन आली. सॅलिसिलिक आम्लाची पूड साध्या पाण्यात टाकली की तरंगत राहते, विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. तिनं घरच्या शेतातला युरिया पाण्यात भरपूर कालवला आणि त्यात तीच पूड टाकून ढवळली. पाणी नितळ झालं. सारा वर्ग टाळ्या वाजवू लागला.

मला ते सहन झालं नाही. मी त्या ग्लासात साधं पाणी ओतलं. द्रावण लगेच गढूळ झालं, पूड परत दिसू लागली.

"स्पिरिट घातलंस!" मी म्हणालो. स्पिरिटमधल्या द्रावणात पाणी ओतलं की असंच होतं, एवढं मला ठाऊक होतं. खोलीत वासही स्पिरिटचाच होता, आधीच्या तासाचा.

"नही सर! हात लाईसन पाहा ना, गिलास कितला गार शे!"

मी हात लावला नाही. तिचा प्रयोग प्रदर्शनातून काढला, आणि पोरं तिला वर्षभर 'स्पिरिट' म्हणत राहिली.

पुढे मीच एका पुस्तकात वाचलं. अशा मदतनीस पदार्थांना हायड्रोट्रोप म्हणतात. युरिया थोडा असेल तर काही घडत नाही. त्याची दाटी झाली, की पाण्याशी न जमणाऱ्या पदार्थाला तो आपल्या गर्दीत सामावून घेतो. पाणी ओतून ती गर्दी विरळ केली, की पदार्थ पुन्हा उघडा पडतो. म्हणजे माझा पुरावा हाच तिचा पुरावा होता. वाचलं आणि गप्प बसलो. कितीतरी वर्षं.

ती आता नंदुरबारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तिथल्या प्रदर्शनाचा पाहुणा म्हणून तिनं मलाच बोलावलं! आरोप चारचौघांत केला होता, तर तो मागेही चारचौघांतच घ्यायला हवा. म्हणून ही गोणी.

स्वयंपाकघरात तालीम केली. युरिया ढवळता ढवळता पहिल्यांदाच ग्लासाला बोट लावलं आणि दचकलो. युरिया विरघळताना पाण्याची उष्णता ओढून घेतो; पाण्यात स्पिरिट मिसळलं असतं, तर ग्लास उलट किंचित कोमट झाला असता. नुसतं एक बोट लावायचं होतं मी तेव्हा!

बायकोनंही हात लावला. "माय वं! फ्रीजमाईन काढा का?"

मग आम्ही दोघं म्हातारे एकेका ग्लासात युरिया कालवून कोणाचा जास्त गार होतो ते बघत बसलो. भांडी घासणं राहिलं, चहा राहिला. युरिया लागलेले पेले पुन्हा वापरू नका, म्हणून ती ओरडली, तेव्हा घरात पाणी प्यायला एकच तांब्या उरला होता.

शाळेच्या व्यासपीठावर मी ग्लासात युरिया कालवायला घेतला. मी मुलांना सगळं सांगितलं. मी खोटं ठरवलेली मुलगी म्हणजे तुमच्या या बाई, हेही सांगितलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. रडताहेत की काय, मला कळेना. मी पूड टाकली, ढवळली. पाणी नितळ झालं. मुलांनी टाळ्यांनी छप्पर उडवलं.

तेवढ्यात बाई तांब्या घेऊन पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या ग्लासात पाणी ओतलं. द्रावण गढूळ!

माझ्याच त्या जुन्या कडक आवाजात त्या म्हणाल्या, "सर, स्पिरिट टाकी दिधं का?"

मला आधी घाम फुटला, मग हसू फुटलं. मी नुसता ग्लास पुढे केला.

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मुलांकडे वळून म्हणाल्या, "या रे, एकेक जण. हात लावून बघा."